रक्तपिपासूंच्या पत्त्यांचा कॅट कसा बांधावा

पत्त्यांचा खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बावन्न पाने उभी राहतात. झब्बू असो, पाच-तीन-दोन असो की मेंढीकोट असो, बाजारातून कॅट आणावयाचा, तो पिसावयाचा, वाटावयाचा आणि हाती आलेल्या पानांवर डाव काढावयाचा, एवढेच खेळाडूचे काम. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी हाताने रंगविलेल्या दशावतारी गंजिफेतही हाच प्रकार. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने, मिळून १२० गोल पाने. तिघांत वाटली म्हणजे प्रत्येकास ४० येतात. दिवसा रामाची उतारी व रात्री कृष्णाची, कोणते पान पडून गेले व कोणते उरले याचे स्मरण, यांतच त्या खेळातील सारे कौशल्य आहे. परंतु ही १२० पाने कोणती असावीत, हा प्रश्न गंजिफा खेळणारापुढे कधीच येत नाही. तो चिताऱ्याने आधीच सोडविलेला असतो.

आजच्या भाषणात ज्या खेळाची ओळख करून द्यावयाची आहे, त्यात नेमका हाच प्रश्न प्रथम येतो. या खेळात प्रत्येक खेळाडू आपला कॅट घरून स्वतः बांधून आणतो. हजारो निरनिराळ्या पत्त्यांतून शंभराच्या आतबाहेर पत्ते निवडावयाचे, आणि त्यांच्या बळावर चार प्रतिस्पर्ध्यांपुढे बसावयाचे. डाव सुरू होण्यापूर्वीच त्याचा अर्धा निकाल या निवडीने लागलेला असतो. पत्ते विकतचे असल्यामुळे येथे एक शंका साहजिक उद्भवते. ज्याची थैली जड त्याचाच कॅट भारी, असे तर होणार नाही ना? परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने, ज्याच्याजवळ वेळ व बुद्धी आहे परंतु पैसा बेताचा आहे, या खेळाच्या वाटेस जावे की न जावे? माझे उत्तर असे आहे की त्याने अवश्य जावे. कारण चांगला कॅट पैशापेक्षा हिशेबाने बांधला जातो. तो हिशेब कसा मांडावा, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

खेळाचे नाव ‘व्हँपायर: दि इटर्नल स्ट्रगल’. गणिताच्या संयोगशास्त्र नामक शाखेत विद्वत्पदवी मिळविलेले अमेरिकन गृहस्थ रिचर्ड गारफील्ड यांनी तो रचला. १९९३ साली ‘मॅजिक’ हा संग्राह्य पत्त्यांचा पहिला खेळ काढून त्यांनी मोठे यश मिळविले, आणि पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, हा दुसरा खेळ आणला. प्रारंभी त्याचे नाव ‘जिहाद’ असे होते. एका धर्मातील गंभीर शब्द करमणुकीच्या वस्तूस लावणे प्रशस्त न वाटल्यामुळे १९९५ मध्ये ते बदलण्यात आले. खेळातील कथाजग १९९१ साली निघालेल्या ‘व्हँपायर: द मॅस्करेड’ या सोंगे घेऊन खेळावयाच्या खेळातून घेतले आहे.

व्हँपायर या शब्दास मराठी प्रतिशब्द शोधू गेल्यास प्रथम वेताळ आठवतो. आणि ही गल्लत जुनी आहे. वेताळाच्या कथा रिचर्ड बर्टन याने १८७० साली इंग्रजीत आणल्या, तेव्हा ग्रंथाच्या नावातच त्याने वेताळास व्हँपायर करून टाकले. परंतु दोघांच्या स्वभावात मोठे अंतर आहे. आपला वेताळ प्रेतात शिरतो, झाडास लोंबकळतो, विक्रमास कोडी घालतो. कोकणात आरवली येथे तर तो देव होऊन बसला आहे व भक्त त्यास भल्या मोठ्या वहाणा अर्पण करतात. ब्रॅम स्टोकर याच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीने जगभर पोहोचविलेला युरोपातील व्हँपायर निराळा. तो मेलेला असून मरत नाही, दिवसा दडतो व रात्री जिवंतांच्या रक्तावर जगतो. म्हणून आपण त्यास येथे रक्तपिपासू म्हणू. त्याची ही तहान केवळ कथेची सजावट नव्हे, हे पुढे ध्यानात येईल. या खेळात रक्त हेच चलन आहे.

प्रथम जरुरीपुरते नियम पाहू. मेजाभोवती बहुधा पाच खेळाडू बसतात. प्रत्येकजण एक अतिप्राचीन रक्तपिपासू असून पडद्याआड राहून धाकट्या रक्तपिपासूंकरवी आपले हेतू साधतो, अशी कल्पना आहे. प्रत्येकाजवळ आरंभी ३० मणी असतात. या साठ्यास आपण गंगाजळी म्हणू. गंगाजळी संपली की तो खेळाडू बाद. आपल्या डाव्या हातास बसलेला खेळाडू आपले सावज आणि उजव्या हातास बसलेला आपला शिकारी. सावज बाद झाले की आपणास १ विजयगुण मिळतो व गंगाजळीत ६ मण्यांची भर पडते. मग ते सावज कोणाच्याही हातून बाद झालेले असो. शेवटपर्यंत टिकणाऱ्यास आणखी १ गुण मिळतो. स्पर्धेत एका डावास दोन तासांची मर्यादा असते, आणि वेळ संपता जे जिवंत असतात त्यांस प्रत्येकी अर्धा गुण मिळतो. डाव जिंकला असे म्हणावयास निदान २ गुण आणि इतर सर्वांहून अधिक गुण लागतात.

प्रत्येकाचा कॅट दोन भागांचा असतो. पहिला भाग तळघराचा: यात रक्तपिपासूंचे पत्ते, कमीतकमी १२. दुसरा भाग ग्रंथसंग्रहाचा: यात त्यांच्याकडून करवून घ्यावयाच्या कृत्यांचे, युक्त्यांचे व साधनांचे पत्ते, ६० ते ९०. आरंभी तळघरातील ४ पत्ते उताणे न करता पुढे मांडावयाचे व ग्रंथसंग्रहातील ७ हातात घ्यावयाचे. हातातील पत्ता खेळला की तत्क्षणी त्याच्या जागी दुसरा घ्यावयाचा. एकाच पत्त्याच्या किती प्रती ठेवाव्या यास बंधन नाही. या शेवटच्या नियमाचे महत्त्व फार आहे, कारण त्यामुळे कॅट बांधणारास प्रमाण ठरविण्याची पूर्ण मोकळीक मिळते.

आता पहिला निर्णय: कोणत्या वाटेने जावयाचे? आपण ज्यास फाटा म्हणतो तेथे रस्ता फुटतो, आणि देवगाव फाट्यावर उतरलेल्या उतारूस सगळ्या रस्त्यांनी एकदम जाता येत नाही. या खेळातही ठळक वाटा चार आहेत. पहिली वाट गुप्त रक्तशोषणाची: आपले रक्तपिपासू सावजाच्या नकळत जाऊन त्याची गंगाजळी कमी करतात. दुसरी मतदानाची: खेळात सभा भरते, ठराव मांडले जातात, आणि पदवीधारी रक्तपिपासूंस मतांचा अधिकार असतो, राजपुत्रास २ मते, त्याहून श्रेष्ठ अशा न्यायाधिकाऱ्यास ३. ठराव संमत झाला की एकाच वेळी एकाहून अधिक खेळाडूंच्या गंगाजळीस चाट बसू शकते. तिसरी वाट तटबंदीची: कोणाचे कृत्य पार पडू द्यावयाचे नाही आणि सर्वांस थकवून शेवटी बाहेर पडावयाचे. चौथी वाट युद्धाची: सावजाच्या रक्तपिपासूंस झुंजीत पाडून त्याचे अंगण मोकळे करावयाचे.

या प्रत्येक वाटेस तिचा खर्च व तिचे व्यंग आहे. युद्धाने सावजाचे शिपाई पडतात, पण त्याची गंगाजळी जशीच्या तशी राहते. म्हणून युद्धाच्या कॅटात रक्तशोषणाची काही तरी तजवीज असावीच लागते. तटबंदीचा खेळाडू सहसा मरत नाही, परंतु दोन तास सरले व हाती अर्धा गुण आला, असा शेवट त्याच्या वाट्यास वारंवार येतो. मतदानास पदवीधारी रक्तपिपासू लागतात व ते महाग असतात. गुप्त रक्तशोषणाचा वेग मोठा, पण स्वतःचे घर उघडे राहते. नवशिका खेळाडू ही व्यंगे ऐकून म्हणतो की मी चारही वाटांचे थोडे थोडे पत्ते घेतो, म्हणजे कोठेच उणे पडणार नाही. त्याचा कॅट मग ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ या म्हणीप्रमाणे होतो. हातात सातच पत्ते मावतात; त्यांत दोन मतदानाचे, दोन युद्धाचे, एक गुप्ततेचा व दोन तटबंदीचे आले, तर कोणतेच काम तडीस जात नाही. वाट एकच धरावी, आणि तिच्या व्यंगापुरतीच दुसऱ्या वाटेची उसनवारी करावी.

उदाहरणादाखल आपण गुप्त रक्तशोषणाची वाट धरू. या वाटेचा जुना नमुना माल्केव्हियन नावाच्या कुळावर उभारलेला आहे, आणि १९९४ च्या पहिल्या संचातील पत्त्यांवरूनच त्यास नाव पडलेले आहे. या कुळाच्या विद्यांपैकी दोन आपल्या कामाच्या: वशीकरण व अंतर्धान. वशीकरणाने रक्तशोषणाचा आकडा वाढतो. अंतर्धानाने कृत्य अडविणारास दिसेनासे होते. नियम असा की अडविणाराची नजर कृत्याच्या गुप्ततेइतकी किंवा अधिक असेल तरच त्यास अडविता येते. साधे रक्तशोषण गुप्ततेवाचून होते, म्हणून ते सावजाचा कोणीही जागा रक्तपिपासू अडवू शकतो. त्यावर अंतर्धानाचे एक-दोन पत्ते पडले की अडविणारासही तितकीच नजर जमवावी लागते.

वाट ठरल्यावर तळघराकडे वळावे. येथे एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. रक्तपिपासू फुकट येत नाहीत. ज्याची धारणा ८, तो अंगणात यावयास ८ मणी लागतात, आणि ते आपल्याच गंगाजळीतून जातात. म्हणजे आपल्या आयुष्याचे तुकडे देऊन चाकर विकत घ्यावयाचे. दर पाळीस ४ मणी हलविता येतात. पहिल्या फेरीत मात्र पहिल्या खेळाडूस १, दुसऱ्यास २ व तिसऱ्यास ३ इतकेच. धारणा ८ चे दोन रक्तपिपासू आणले की १६ मणी व चार पाळ्या खर्ची पडतात आणि गंगाजळीत १४ उरतात. त्याऐवजी धारणा ३ चे पाच आणले तर १५ मणी जातात. चाकर संख्येने अधिक व लवकर येतात, पण त्यांच्या विद्या तोकड्या असतात. कोणता मार्ग बरा, याचे एकच उत्तर नाही. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा संसारातील नियम मात्र दोन्हीकडे लागू पडतो. ज्याने चार थोर रक्तपिपासू जमविण्याच्या हौसेने गंगाजळी ५ वर आणली, तो आपल्या शिकाऱ्याचे काम निम्म्याहून अधिक स्वतःच करून ठेवतो.

यापुढील प्रश्न प्रतींचा. समजा, आपला सर्व बेत एका विशिष्ट रक्तपिपासूवर आधारलेला आहे. १२ पत्त्यांच्या तळघरात त्याच्या किती प्रती ठेवाव्या? येथे गणित उपयोगी पडते. १२ पत्त्यांतून ४ निवडण्याचे प्रकार ४९५. त्याची एकच प्रत असेल तर पहिल्या चारांत तो येण्याचा संभव शेकडा ३३. दोन प्रती ठेवल्यास शेकडा ५८, तीन ठेवल्यास सुमारे ७५, चार ठेवल्यास ८६, आणि पाच ठेवल्यास ९३. हे आकडे पाहून कोणीही पाचच ठेवू म्हणेल. परंतु दुसरी बाजूही मोजली पाहिजे. थोर रक्तपिपासू एकमेवाद्वितीय असतो; त्याची दुसरी प्रत चारांत आली तर ती नुसती जागा अडवून बसते. अशी निरुपयोगी जोडी येण्याचा संभव तीन प्रतींत शेकडा २४, चार प्रतींत ४१ व पाच प्रतींत ५८ होतो. तिसऱ्या प्रतीनंतर मिळकत आखडत जाते व नुकसान वाढत जाते. ज्याचा बेत त्या एकावाचून अडतच असेल त्याने चार किंवा पाच ठेवाव्या. इतरांनी दोन-तीनांवर भागवावे. तळघरातून जास्तीचा पत्ता उचलता येतो खरा, पण त्यास पुऱ्या पाळीचे ४ हलवे व वर गंगाजळीतील १ मणी मोजावा लागतो.

आणखी एक बंधन असे की रक्तपिपासूंचे पत्ते क्रमांकित गटांत विभागलेले आहेत, आणि तळघरात एकाच गटाचे किंवा लागोपाठच्या दोन गटांचेच रक्तपिपासू ठेवता येतात. म्हणून आवडते ते सारे एकत्र आणता येत नाहीत. जे आणावयाचे त्यांच्या विद्या मात्र एकमेकांशी जुळत्या असाव्यात. बारांपैकी दहांजवळ वशीकरण आणि नऊ-दहांजवळ अंतर्धान असेल, तर ग्रंथसंग्रहातील कोणताही पत्ता हातात आला तरी तो खेळावयास कोणी ना कोणी समर्थ असतो. विद्याच जुळत नसतील तर उत्तम पत्तेही हातात कुजतात.

आता ग्रंथसंग्रह. नियम ६० ते ९० म्हणतो. आपण ८० घेऊ. माझ्या मते या वाटेची वाटणी साधारण अशी असावी: स्वामीपत्ते, म्हणजे खेळाडूने स्वतः खेळावयाचे, १४, रक्तशोषणाची कृत्ये १६, गुप्ततेचे २०, शोषणाचा आकडा वाढविणारे १०, जागरणाचे व हल्ला परतविण्याचे मिळून १६, आणि प्रसंगोपात्त लागणारे ४. हे आकडे देण्यामागे हेतू आहे. ८० पैकी २० म्हणजे चौथा हिस्सा. सात पत्त्यांच्या हातात सरासरीने पावणेदोन पत्ते गुप्ततेचे असणार. रक्तशोषणाची कृत्ये सरासरीने १.४, संरक्षणाचे तितकेच, आणि स्वामीपत्ते सव्वाच्या आसपास. म्हणजे बहुतेक वेळी हातात एक कृत्य, त्यास लपविणारे एक-दोन पत्ते व स्वतःस वाचविणारा एक पत्ता असा मेळ बसलेला राहतो. शेतकरी पाभरीवर ज्वारीबरोबर तुरीचे किती तास घ्यावयाचे हे पेरणीपूर्वी ठरवितो. उगवून आल्यावर त्यात फेरफार करता येत नाही. कॅटाचेही तसेच. प्रमाण चुकले तर खेळताना कितीही हुशारी केली तरी ते भरून येत नाही.

स्वामीपत्ते चौदाच का? त्यांत गंगाजळी सावरणारे पत्ते असतात, आणि त्यांचा मोह अनावर होतो. ‘ब्लड डॉल’ या जुन्या पत्त्याने, उदाहरणार्थ, दर पाळीस रक्तपिपासूच्या अंगातील एक मणी रक्त गंगाजळीत परत घेता येते. गुंतविलेले धन हप्त्याहप्त्याने वसूल करण्याचाच हा प्रकार. परंतु सर्वसाधारणपणे एका पाळीस एकच स्वामीपत्ता खेळता येतो. तो एकावेळी तीन-तीन हातात आला तर हात तुंबतो, आणि न खेळता टाकून द्यावयाची मुभा पाळीच्या अखेरीस एकाच पत्त्याची असते. या खेळात पत्ता खेळला की लगेच दुसरा मिळतो, म्हणून जो हात वाहता असतो तोच संपन्न. साचलेल्या पाण्यासारखा तुंबलेला हात हा पराभवाचा नेहमीचा मार्ग आहे.

ही तुंबी टाळण्याचा उत्तम उपाय म्हणजे दुहेरी कामाचे पत्ते. ‘गव्हर्न दि अनअलाइन्ड’ हा वशीकरणाचा पत्ता पाहा. खेळणाऱ्या रक्तपिपासूच्या रक्तातून एक मणी घेऊन तो दोहोंपैकी एक काम करतो. वशीकरण सामान्य प्रतीचे असले तरी त्याने रक्तशोषण २ ने वाढते. वशीकरण श्रेष्ठ प्रतीचे असेल तर त्याऐवजी अजून अंगणात न आलेल्या धाकट्या रक्तपिपासूवर कोठारातून ३ मणी ठेवता येतात. म्हणजे डावाच्या आरंभी तो गंगाजळीचे ३ मणी वाचवितो आणि पुढे तोच सावजाचे रक्त काढतो. ज्या पत्त्याचा उपयोग पहिल्या पाळीस आहे व शेवटच्या पाळीसही आहे, तो कधी हातात पडून राहत नाही. एखादा पत्ता कॅटात घेण्यापूर्वी स्वतःस विचारावे: हा हातात आला आणि परिस्थिती अनुकूल नसली, तर याचे मी काय करीन? उत्तर सुचले नाही तर तो पत्ता कितीही दिपविणारा असो, बाजूस ठेवावा.

आतापर्यंत आपण डावीकडे पाहिले. उजवीकडे शिकारी बसला आहे. कृत्य करून आलेला रक्तपिपासू आपल्या पुढच्या पाळीपर्यंत निजलेला समजला जातो व त्यास पहारा करता येत नाही. जो आपले सगळे रक्तपिपासू हल्ल्यास धाडतो, त्याचे दार शिकाऱ्यास सताड उघडे मिळते. जागरणाचे पत्ते याच वेळी उपयोगी पडतात. त्यांनी निजलेल्यासही हालचाल करता येते, आणि मग ‘डिफ्लेक्शन’ या पत्त्याने शिकाऱ्याने आपल्यावर केलेले रक्तशोषण दुसऱ्या खेळाडूवर, बहुधा आपल्याच सावजावर, वळविता येते. शिकाऱ्याने कष्ट करावे आणि त्याचे फळ आपण घ्यावे! म्हणूनच वरील वाटणीत संरक्षणास १६ पत्ते दिले. ‘मला रक्षण नको, मी आधीच जिंकेन’ असे म्हणणारा खेळाडू पाच जणांच्या मेजावर सहसा टिकत नाही.

मेजावर आणखी दोघे उरतात: आपल्या सावजाचे सावज आणि आपल्या शिकाऱ्याचा शिकारी. हे आपले शत्रू नव्हेत. शिकाऱ्याचा शिकारी जोरात असेल तर आपला शिकारी घर सांभाळण्यात गुंततो व आपणास उसंत मिळते. आपल्या सावजाचे सावज लवकर मेले, तर आपल्या सावजास ६ मणी मिळून ते पुष्ट होते. म्हणून कधी कधी त्या दूरच्या माणसास जगविणे हेच आपले हित ठरते. प्रसंगोपात्त पत्त्यांसाठी राखून ठेवलेल्या चार जागा अशा वेळी कामास येतात. एका दुर्बळ खेळाडूस हात देणारा किंवा घातक ठराव हाणून पाडणारा एखादा पत्ता सौदा करण्यास भांडवल पुरवितो. कॅट मुक्याने खेळता येत नाही, आणि बोलण्याचे सामर्थ्य त्यास बांधतानाच द्यावे लागते.

कॅट कागदावर तयार झाल्यावर त्याची परीक्षा. पहिल्याच डावात हार झाली की सारे पत्ते उलथून टाकणे हे उतावळेपणाचे लक्षण आहे. नशिबाचा वाटा एका डावात मोठा असतो. पाच-सहा डाव खेळावे आणि प्रत्येक डावानंतर तीन गोष्टी टिपून ठेवाव्या: कोणता पत्ता सर्वांत अधिक वेळ हातात पडून राहिला, कोणत्या वेळी कोणता पत्ता असता तर वाचलो असतो, आणि बाद होताना किंवा जिंकताना ग्रंथसंग्रहात किती पत्ते उरले होते. नेहमी चाळीस पत्ते उरत असतील तर ८० चा कॅट ६५ वर आणण्यास हरकत नाही. संग्रह लहान झाला की निवडक पत्त्यांचे प्रमाण वाढते. फेरफार करताना एका वेळी तीन-चार पत्त्यांहून अधिक बदलू नयेत, नाहीतर सुधारणा कशाने झाली हे कळत नाही.

शेवटी पैशाचा प्रश्न. असे पत्ते मूळचे बंद पाकिटांतून विकले जात, आत काय आहे हे फोडल्यावाचून कळत नसे, व दुर्मिळ पत्त्याच्या आशेने माणूस पाकिटामागून पाकिटे फोडीत राही. यात सोडतीचा अंश आहे, आणि आईबापांनी त्याविषयी सावध राहणे योग्यच आहे. या खेळापुरती स्थिती मात्र पालटली आहे. २०१० साली त्याची छपाई थांबली. तरी ‘व्हँपायर: एल्डर किंड्रेड नेटवर्क’ या खेळाडूंच्या संघटनेने स्पर्धा चालू ठेवल्या व नवे पत्ते घरी छापून घेण्याजोगे करून फुकट वाटले. २०१८ पासून ‘ब्लॅक चँट्री’ या संस्थेने परवान्याने छपाई पुन्हा सुरू केली, आणि तिने आतील पत्ते आधीच जाहीर असलेल्या पेट्यांवर भर दिला. २०२० साली निघालेल्या एका पेटीत पाच कुळांचे पाच तयार कॅट होते, म्हणजे एका पेटीत सबंध मेजाची सोय. शिवाय वर सांगितलेल्या वाटेचा मुख्य आधार असलेले पत्ते दुर्मिळतेमुळे मोलाचे नव्हेत. प्रमाणशीर वापरल्यामुळे ते मोलाचे होतात.

सरावास तर तेवढ्याचीही गरज नाही. देवगाव फाट्यावरील पाच मित्रांनी जाड कागदाच्या सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या कापाव्या, त्यांवर पत्त्यांची नावे व नियम मराठीत लिहावे, मण्यांच्या जागी चिंचोके घ्यावे, आणि प्रत्येकाने एक वाट धरून आपापला कॅट बांधावा. चिंचोके तीस-तीस मोजून घ्यावे. खेळाच्या ओघात त्यांचाच हिशेब प्रथम चुकतो. एका महिन्यात कोणते पत्ते खरोखर विकत घेण्याजोगे आहेत हे त्यांस आपोआप कळेल, आणि ते संख्येने थोडेच निघतील. स्पर्धेस जावयाचे ठरल्यास त्या स्पर्धेचे नियम वाचून तेवढेच पत्ते मागवावे. त्यापूर्वी थैलीस हात घालण्याचे कारण नाही.